पाचव्या आवृत्तीचा दाखला

राजमती चौगुलेला त्या दिवशी फक्त एक सही करायची होती. सहीच्या वरच्या चार ओळीसुद्धा दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलेल्या. कंपनीने रुग्णांच्या घरी बसवलेल्या सर्व अकराशे चाळीस पेट्यांमध्ये कुलपांच्या लायब्ररीची पाचवी आवृत्ती चालू असून तशी खात्री करून घेण्यात आली आहे, वगैरे. असले दाखले तिने गेल्या चार वर्षांत साठ-सत्तर तरी दिले असतील. चोपन्नाव्या वर्षी माणूस प्रोग्राम लिहीत नाही. यंत्रांनी लिहिलेलं बरोबर आहे असं म्हणून खाली सही ठोकतो. तिच्या खात्यात सगळ्यांचं तेच झालं होतं आणि कुणाची तक्रारही नव्हती. तक्रार करायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, तो कुणाकडे उरला नव्हता.

पेटीचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण मिरज-सांगलीकडे तिला सगळे ‘राखण’ म्हणत. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या उशाशी ती ठेवायची. पूर्वीचे पेसमेकर आपले ठोके मोजून द्यायचे आणि गप्प बसायचे. २०२९ सालानंतरचे मात्र बाहेरून आलेला हुकूम ऐकायला लागले. राखण दिवसरात्र काळजाचा कानोसा घ्यायची, काही वेडंवाकडं दिसलं की मिरजेच्या नियंत्रण खोलीला कळवायची, आणि तिथे बसलेला डॉक्टर हुकूम पाठवायचा: वेग वाढव, वेग कमी कर, एक हलका झटका दे. माणूस पन्नास किलोमीटरवर आपल्या खाटेवर आणि त्याच्या काळजाचा लगाम मिरजेत, असा तो सगळा मामला.

आता हुकूम हवेतून जातो म्हटल्यावर तो डॉक्टरचाच आहे कशावरून? त्यासाठी कुलूप. आणि कुलूप म्हणजे शेवटी एक गणित. दोन अवाढव्य मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार करायचा आणि तो गुणाकार खुशाल चारचौघांत सांगून टाकायचा. त्यावरून मूळच्या दोन संख्या परत शोधणं साध्या संगणकाला जन्मात जमत नाही. आणि त्या दोन संख्या ज्याच्याजवळ, त्यालाच सही मारता येते. जगाचा कारभार पन्नास-साठ वर्षं या एका गणितावर बिनघोर चालला. मग क्वांटम यंत्रं मोठी झाली. २०३९च्या उन्हाळ्यात त्यातल्या एका यंत्राने असला गुणाकार एका दुपारी फोडून दाखवला, आणि वर्षभरात अशी यंत्रं तासाच्या बोलीवर भाड्याने मिळायला लागली. कुठल्याशा देशात वीज केंद्राला खोट्या सहीचे हुकूम गेले आणि तीन दिवस अर्धा देश अंधारात बसला.

याची चाहूल गणितवाल्यांना आधीच लागलेली होती. हजार मितींची एक जाळी कल्पायची, तिच्यातल्या एका बिंदूला मुद्दाम किंचित ढकलून द्यायचं आणि म्हणायचं, आता शोधा हा मूळचा कुठला ते. हे कोडं क्वांटम यंत्रालाही सुटत नाही, निदान अजून तरी. या गणिताची नवी कुलपं लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीत आली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. तयार कुलपांचा साठा. स्वतःचं कुलूप स्वतः घडवायच्या भानगडीत शहाणा प्रोग्रामर पडत नाही. जगभरातले वीस-पंचवीस दमलेले लोक ती लायब्ररी सांभाळतात आणि बाकीचे सगळे ती आयती वापरतात. प्रत्येकाने एवढंच पाहायचं, की आपल्याकडची आवृत्ती पाचवी आहे ना. सरकारला हवा होता तो दाखला याचाच.

दाखल्याबरोबर एका तरी पेटीचा नमुना तपासायचा नियम होता. सांगलीत एक नव्वदीचे आजोबा पावसाळ्यात सुखाने गेले होते, त्यांची पेटी परत आलेली होती. राजमतीने ती टेबलावर घेऊन वायर जोडली. पडद्यावर आलं: आवृत्ती ५, ठीक. झालं काम. वायर काढायची आणि सही करायची. पण छपाईचं यंत्र नेहमीप्रमाणे अडलेलं होतं, दाखल्याचा कागद यायचा होता, तोवर हाताला चाळा म्हणून तिने पेटीतल्या फायलींची यादी वरखाली केली. लायब्ररीच्या फायलीपुढे तारीख होती ऑगस्ट २०२९. पाचवी आवृत्ती निघाली २०३१ साली. म्हणजे ही फाईल पाचवीच्या जन्माआधीची.

चष्मा पुसून तिने परत पाहिलं. मग एका ओळीत थेट लायब्ररीलाच विचारलं, तू कितवी? उत्तर आलं: ४.२.

ही गंमत समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं हिच्यापायी झालं. प्रोग्राममधून आवृत्ती विचारायच्या दोन रीती असतात. प्रोग्राम कारखान्यात तयार होताना लायब्ररीसोबत एक यादी येते, तिच्यावर आकडा छापलेला असतो. तो आकडा प्रोग्रामच्या पोटात कायमचा उतरतो. ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे प्रोग्राम चालू झाल्यावर, जी लायब्ररी प्रत्यक्ष समोर आली तिलाच विचारायचं. पहिल्या रीतीत डब्यावरची चिठ्ठी वाचली जाते, दुसरीत झाकण उघडून आत बघितलं जातं. कारखान्यात दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. राखणेच्या प्रोग्रामात चिठ्ठी वाचलेली होती.

पुढचं उलगडायला तिला तासभर पुरला. घरोघरच्या पेट्यांची स्मृती तोकडी होती. २०३१ साली नवा प्रोग्राम पाठवला तेव्हा तो मावला, नवी लायब्ररी मावली नाही, आणि पेटीने ती निमूट टाकून दिली. कुणा कनवाळू माणसाने प्रोग्रामात आणखी एक ओळ घातलेली होती, की नवं कुलूप सापडलं नाही तर जुनं चालव, पण कुणाची पेटी बंद पाडू नकोस. तेव्हापासून नऊ वर्षं पेट्या जुन्या कुलपावर चालत होत्या आणि विचारलं की पाच म्हणून सांगत होत्या. तिने नियंत्रण खोलीतून आणखी वीस पेट्यांना नीट विचारलं. चार, चार, चार. विसावीलाही चार.

आवृत्ती तपासायची ती ओळ कुणी लिहिली, हे पाहायचं तिने टाळत आणलं होतं. शेवटी पाहिलं. राजमती चौगुले, १४ मार्च २०३१. त्या दिवशी आपण काय करत होतो, घाईत होतो का, बरं नव्हतं का, हे आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. काहीच आठवेना. साधा दिवस असणार. लाज वाटली ती याचीच, की चुकीला साधं कारणसुद्धा नव्हतं.

आणि दोनशे बारा नंबरची पेटी कुरुंदवाडला तिच्या थोरल्या बहिणीच्या, रत्नाक्काच्या उशाशी होती. अक्का नको म्हणत असताना राजमतीनेच ती बसवायला लावली होती.

चार वाजता ती मुळीक साहेबांच्या खोलीत गेली. मुळीक कंपनीचे प्रमुख. वाईट माणूस नव्हे, पण दहा वर्षांत तीनदा मालक बदललेल्या कंपनीचा प्रमुख जेवढा थकावा तेवढा थकलेला. त्यांनी नियंत्रण खोलीच्या डॉक्टर शमा इनामदारांना बोलावून घेतलं. राजमतीने सगळं सांगितलं, ओळ आपणच लिहिली हेही. दुरून दुरुस्ती होण्यासारखी नव्हती, कारण स्मृतीच पुरत नव्हती. प्रत्येक पेटीत नवं सर्किट बसवायला हवं, आणि ती सर्किटं यायला तीन महिने.

मुळीकांचं म्हणणं असं, की मग तीन महिने गप्प बसू. आवाज केला तर खोट्या सहीने काळजाला हुकूम सोडू पाहणाऱ्या चोरालाही कळेल. इनामदार मॅडमनी समोरच्या कागदावर हिशेब मांडला. एरवीचे हुकूम किरकोळ असतात, पण वर्षाला चोवीसेक माणसं राखणेमुळे अक्षरशः मागे खेचली जातात. सगळ्या पेट्या तीन महिने बंद ठेवल्या तर सहा जण जातील. पेसमेकर ठोके देत राहील, पण पाहायला कुणी नसेल.

मुळीक म्हणाले, चोर येईल की नाही ते आपल्याला ठाऊक नाही, हे सहा जण मात्र जाणार हे नक्की. मग सांगून करायचं काय? राजमती एवढंच म्हणाली, की दाखल्यावर माझी सही होणार नाही. इनामदार मॅडमनी कागद उलटा करून ठेवला.

“काळीज त्यांचं आहे, मुळीक साहेब. चालू ठेवायची की बंद करायची, ते त्यांना ठरवू दे. आपण फक्त खरं लिहायचं.”

मुळीकांनी फार ताणलं नाही. वाद घालायचंही त्यांच्यात त्राण नव्हतं. ठरलं ते असं: सोमवारी एकाच वेळी सगळ्या घरांना पत्र जाईल. तोवर हे तिघांतच. आधी कुठे फुटलं तर लोकांच्या हातात निवड यायच्या आत ते भलत्याच्या हाती जाईल. राजमतीने मान डोलावली, आणि डोलावताना तिच्या डोळ्यांसमोर दोनशे बारा नंबर होता.

रविवारी क्षमावाणी होती. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस उपासतापास झाले, की जैनांच्या घरोघर हा दिवस पाळतात. एकमेकांकडे जायचं, हात जोडायचे, वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणायचं, आणि समोरच्याने ‘उत्तम क्षमा’ म्हणून तेच आपल्याला म्हणायचं. राजमती दर वर्षी हे फोनवर उरकायची. या वर्षी सकाळच्या बसने ती कुरुंदवाडला निघाली. अक्काला काहीतरी निमित्त काढून तीन महिने मिरजेला आणायचं, इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर ठेवायचं, म्हणजे गुपितही फुटणार नाही आणि बहीणही राहील, असा तिचा बेत. बेत लबाडीचा आहे हे तिला बसमध्येच कळत होतं. तरी ती उतरून परत फिरली नाही.

रत्नाक्का त्रेसष्ट वर्षांची, एकटी, ब्लाऊज शिवायची. अर्ध्या कुरुंदवाडच्या बायकांची मापं तिच्या वहीत आणि उरलेल्यांची तिच्या डोक्यात. राजमतीला दारात बघून तिने शिलाई मशीन थांबवलं आणि, काय बाई, आज सूर्य कुठनं उगवला, म्हणून चेष्टा केली. उशाशी राखण हिरवा दिवा लावून बसलेली. अक्काने तिच्यावर स्वतः भरतकाम केलेला रुमाल घातला होता. आल्यागेल्याला सांगायची, माझ्या बहिणीनं केलेली हाय ती.

जेवताना राजमतीने मिरजेचा विषय काढला. दमट हवा, तपासण्या, मलाही एकटं वाटतं, असं काहीबाही. अक्का म्हणाली, तुला एकटं कधीपासून वाटायला लागलं? दिवाळीची शिलाई तोंडावर आलीय, मी कुठं येऊ? तेवढ्यात गल्लीतल्या बायका आल्या. हात जोडले गेले, क्षमा मागितली गेली, दिली गेली. सगळ्यांचे शब्द तेच. हसतखेळत दहा मिनिटांत वर्षाचा हिशेब मिटवून बायका पुढच्या घरी गेल्या. राहिल्या दोघी. अक्काने कौतुकाने तिच्यापुढे हात जोडले.

“चुकलंमाकलं असंल तर क्षमा कर गं राजू.”

राजमतीने हात जोडले आणि तिला पुढचं म्हणता येईना. तिने रुमाल बाजूला केला, पेटीवर हात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मार्चची ती ओळ, जुनं कुलूप, खोट्या सहीचा हुकूम, तीन महिने. अक्काला गणित कळलं नसेल, पण बाकी सगळं लख्ख कळलं.

“म्हणजे डब्याचं झाकण उघडून बघितलंच नाहीस.”

“नाही.”

“नऊ वर्षं मी हिच्यापाशी झोपले.” मग तिने विचारलं, “बाकीच्यास्नी कवा सांगणार?”

“उद्या. पत्र जाणार आहे.”

“मग मलाबी उद्याच सांगायचं होतंस.”

राजमती म्हणाली, अगं, तू माझी बहीण आहेस. अक्का उठून खिडकीपाशी गेली. तिला राग आला की ती कापडं घड्या करायला घ्यायची. तशा तिने चार घड्या केल्या.

“त्या अकराशे घरांत कुणाची बहीण नसंल व्हय? तू आधी माझ्याकडं आलीस, हे मला नको होतं. आज सगळ्या गल्लीला क्षमा म्हटलं, तुला म्हणणार नाही. नवं जे काय बसवायचं हाय ते आधी त्यांच्या घरी बसव. माझ्याकडं सगळ्यांत शेवटी यायचं. तोवर येऊ नको.”

ती मागे वळलीच नाही. राजमती दुपारच्या बसने परत आली.

सोमवारी पत्र गेलं. वकिलाने ‘संभाव्य तांत्रिक त्रुटी’ असं लिहिलेलं होतं. राजमतीने ते खोडून ‘आमची चूक’ लिहिलं, खाली चालू ठेवण्यातले धोके, बंद करण्यातले धोके, आणि आपलं नाव. मुळीकांनी वाचलं आणि जाऊ दिलं. आठवडाभरात चारशे दहा घरांनी पेटी बंद केली. बाकीच्यांनी चालू ठेवली. कुणी विचार करून, कुणी पत्र न वाचताच. दोनशे बारा नंबरचा हिरवा दिवा बुधवारी सकाळी गेला. राजमतीने न राहवून फोन केला. बंद का केलीस, मला तर वाटलं होतं तू चालू ठेवशील. अक्का म्हणाली, धोका हाय असं तूच लिहिलंस. तुझं ऐकलं. आणि फोन ठेवला.

तीन महिन्यांचे सात झाले. सर्किटं कुठल्याशा बंदरात अडकली, मग आली ती चुकीची आली, ती परत गेली. राजमती रोज कामावर यायची, बंदराला पत्रं लिहायची, आणि संध्याकाळी निघताना इनामदार मॅडमच्या खोलीत डोकवायची. बोलायची गरज नसायची. मॅडम मान हलवायच्या म्हणजे आज कुणी नाही. ज्या दिवशी त्या मान न हलवता खुर्ची पुढे करायच्या, त्या दिवशी कुणीतरी गेलेलं असायचं. दर वेळी बसायच्या आधी राजमतीला कुरुंदवाड आठवायचं आणि गावाचं नाव दुसरंच निघालं की जीव भांड्यात पडायचा. मग तेवढ्याचीही शरम वाटायची. सात महिन्यांत असं सहा वेळा झालं. सहाही जणांनी पेटी बंद केलेली होती. चालू ठेवणाऱ्यांपैकी नऊ जणांना राखणेने त्याच काळात मागे खेचलं.

आणि चोर आलाच नाही. खोट्या सहीचा एकही हुकूम, निदान सापडण्याजोगा, कुठल्याच पेटीकडे गेला नाही. मुळीकांनी हे बोलून दाखवलं नाही, एवढं त्यांचं मोठेपण. पण हिशेब सरळ होता. आपण गप्प बसलो असतो तर ते सहा जण आज असते. हा हिशेब राजमती रोज करायची, रोज तेच उत्तर यायचं. आणि पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा तेच पत्र लिहू हेही तिला कळायचं, आणि त्या कळण्याने बरं अजिबात वाटायचं नाही.

एप्रिलच्या मध्याला सर्किटं आली. घरांच्या पाच वाटण्या केल्या. इचलकरंजी, शिरोळ, कुरुंदवाड ही बाजू राजमतीने मागून घेतली. दोनशे चाळीस घरं, दिवसाला आठ. पेटी उघडायची, सर्किट बदलायचं, आणि मग पडद्यावरच्या ‘ठीक’वर न विसंबता लायब्ररीलाच विचारायचं, तू कितवी? ‘५.३’ आल्याशिवाय उठायचं नाही. उन्हाने जीव हैराण व्हायचा. काही घरांत चहा मिळायचा, काही घरांत बोलणी बसायची. दोन्ही ती सारखंच घ्यायची.

गेलेल्या सहा जणांच्या घरी बसवायचं काही नव्हतं. तिथेही ती गेली, दुसऱ्यांच्या वाटणीतल्या घरांतसुद्धा. इचलकरंजीत सदाशिव हुपरे नावाचे एक यंत्रमाग कामगार होते, त्यांच्या बायकोने, इंदुबाईंनी, दार उघडलं. कंपनीची बाई म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं आणि पेटी न्यायला आलात का म्हणून विचारलं. ती फडताळात पुसूनबिसून ठेवलेली होती. राजमतीने सांगितलं, ज्या चुकीसाठी ते पत्र आलं ती चूक माझी. इंदुबाई पदराशी चाळा करत राहिल्या. पलीकडच्या घरातून मागाचा खडखडाट येत होता.

“मी म्हणत होते, राहू दे चालू,” त्या म्हणाल्या. “हे म्हणाले, एवढं खरं लिहिणारी माणसं उगंच लिहिणार नाहीत. तुमच्या पत्रावर लई भरोसा त्यांचा.” आणि मग खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं, “आता मी काय करू म्हणता?”

पेटी पिशवीत घालून राजमती उन्हात बाहेर आली आणि रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून राहिली. तोंड धुवावं एवढंच तिला वाटत होतं. त्या दिवशी आठाऐवजी पाच घरं झाली.

मे संपता संपता यादीत एक नाव उरलं. दुपारी चारला ती अक्काच्या गल्लीत शिरली. कोपऱ्यावरून एरवी शिलाई मशीनचा आवाज यायचा, तो आला नाही. पण गेलेल्यांच्या नावापुढे यादीत रेघ मारलेली असायची, ती अक्काच्या नावापुढे नव्हती, कालच पाहिलं होतं, असं मनाशी घोकत ती दारापर्यंत पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. मशीनवर चादर घातलेली होती आणि अक्का आत खाटेवर बसलेली होती, निम्मी झालेली. होळीपासून मशीनवर पाय चालवला की धाप लागते, शिवण बंद केलं, असं तिने न विचारता सांगितलं. आणि येऊ नको म्हटलं होतं म्हणून खरंच आली नाहीस, व्हय गं, असंही. हे तिने रागाने विचारलं की कसं, ते राजमतीला कळलं नाही.

रुमाल अजून पेटीवर होता. राजमतीने तो घडी करून बाजूला ठेवला, पेटी उघडली, सर्किट बदललं. एक स्क्रू दोनदा खाली पडला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर ‘ठीक’ आलं. अक्का वाकून बघत होती.

“आता झाकण उघड.”

राजमतीने ती ओळ टाकली. उत्तर आलं: ५.३. तिने पडदा अक्काकडे वळवला, आणि पाच आणि तीन यावर बोट ठेवून दाखवलं. अक्काने मान हलवली. नियंत्रण खोलीतून काही मिनिटांतच पहिला हुकूम आला. वेग थोडा वाढवला गेला. अक्का छातीवर हात ठेवून बसली, आणि तिच्या ओठांवरचा निळसरपणा जरा कमी झाल्यासारखं राजमतीला वाटलं. कदाचित नुसतंच वाटलं असेल.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून अक्का उठली. राजमती मी करते म्हणाली तर तिने बसवलं. सकाळची भाकरी, शेंगाची चटणी, ताक. दोन ताटं वाढली. ताक ओतता ओतता, हात न जोडता, मीठ घे म्हणावं तशी ती म्हणाली, “उत्तम क्षमा.”

क्षमावाणीला अजून साडेतीन महिने होते. राजमतीने घास हातातच धरला आणि तिला रडू कोसळलं. आठ महिन्यांत आलं नव्हतं तेवढं सगळं आलं. अक्काने रडू दिलं. बऱ्याच वेळाने राजमतीने पदराने डोळे पुसले.

“आणि ते सहा जण, अक्का?”

अक्का तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत आता राग नव्हता.

“त्यांची मी कुठनं आणून देऊ, राजू? माझ्याजवळ माझी होती तेवढी दिली.”

बाहेर गल्लीत उन्हं उतरत आली होती. पेटीचा हिरवा दिवा लागलेला होता. अक्काने ताटाकडे बोट दाखवलं.

“जेव. दिवस मावळाय लागला.”

राजमतीने ताकात भाकरी कुस्करली आणि ती जेवायला लागली.